एकाच पानावरचे दोन काळे

मंडळी, सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ होतं. मधोमध पणती, तिचा उजेड कडेकडेने अंधारात विरत गेलेला. फोटोतला अंधार जिथे संपत होता, तिथून पुढे पानभर काळा चौकोन मी इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये भरला होता. स्क्रीनवर जोड शोधूनही सापडत नव्हता. पण मशीनवरून पहिला शीट हातात आला, तेव्हा पणतीभोवती चक्क चौकट उभी होती. आत दाट काळं, बाहेर राखाडीकडे झुकलेलं. शेजारी उभ्या असलेल्या संपादकांनी एवढंच विचारलं, "हा फोटो वरून चिकटवलाय का?"

मशीनमनने हातात भिंग दिलं. चौकटीबाहेर एकट्या काळ्या शाईचा सपाट थर होता. आत मात्र काळ्याच्या बारीक फटींतून निळे, लाल, पिवळे ठिपके डोकावत होते. छपाईच्या चार शाया म्हणजे सायन (निळी), मॅजेंटा (गुलाबी-लाल), यलो आणि ब्लॅक, थोडक्यात सीएमवायके. त्यांच्या टक्क्यांत माझा चौकोन होता ०-०-०-१००, म्हणजे फक्त ब्लॅक. फोटोतला काळा आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या उजेडाच्या आकड्यांत, शून्य-शून्य-शून्य होता. फोटोशॉपमधल्या स्वॉप प्रोफाइलने, म्हणजे कुठला रंग किती शाईने छापायचा हे ठरवणाऱ्या तक्त्याने, त्याचं सीएमवायके केलं, तेव्हा तो झाला ७५-६८-६७-९०. बेरीज करा, ३०० टक्के शाई. एका बाजूला शंभर, दुसऱ्या बाजूला तीनशे. मग चौकट दिसणारच!

मग स्क्रीनवर का दिसली नाही? इनडिझाइनच्या प्रेफरन्सेसमध्ये 'अपिअरन्स ऑफ ब्लॅक' नावाचा भाग आहे. मुळात तिथे असं ठरवलेलं असतं, की एकटा ब्लॅकसुद्धा स्क्रीनवर गडद काळाच दाखवायचा. आज घरी गेल्यावर तो बदला आणि सगळे काळे अचूक दाखवा, असं सांगा. निम्म्या चौकटी तिथेच नजरेला पडतील.

काळ्याचं निदान लवकर कळतं. भगवा जास्त छळतो. समजा, तुम्ही पट्टा काढला मॅजेंटा ६०, यलो १००. बाकी काही नाही, स्वच्छ रंग. शेजारच्या फोटोत तोच भगवा हवा, म्हणून पट्ट्याचा जेपीजी काढला, तो आरजीबीत उघडला, काम केलं आणि पुन्हा सीएमवायके केला. या जाण्यायेण्यात आकडे तेच राहत नाहीत. यलो शंभरवरून थोडा खाली येतो आणि कुठून तरी सायनचे चार ठिपके शिरतात. भगव्यात सायन म्हणजे मळ. आर्ट पेपरवर तो लगेच ओळखू येतो.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच, की फोटो आणि व्हेक्टर (सॉफ्टवेअरमध्येच काढलेले पट्टे, चौकोन) दोघांनी एकाच वाटेने मशीनपर्यंत जायला हवं. पीडीएफ काढताना 'प्रिझर्व्ह नंबर्स'चा पर्याय व्हेक्टरचे सीएमवायके आकडे तसेच ठेवतो. त्याच वेळी आरजीबी फोटोचं रूपांतर मात्र होतं. एकाला हात लावला, दुसऱ्याला नाही, आणि जोड उघडा पडला. पीडीएफ एक्स-४ या छपाईसाठीच्या पीडीएफ प्रकारात तर आरजीबी फोटो प्रोफाइलसकट तसाच प्रेसपर्यंत जाऊ शकतो. मग त्याचं रूपांतर तिथल्या रिपमध्ये (पानाचे छपाईचे ठिपके करणाऱ्या यंत्रणेत) होतं, तुमच्या डोळ्यांआड. पद्धत चांगलीच आहे, पण फोटोची पार्श्वभूमी पानाच्या रंगाशी जुळवायची असेल, तर तो फोटो मी स्वतः रूपांतरित करते. त्यासाठी प्रेसला आधीच विचारते, कागद कुठला आणि प्रोफाइल कुठलं. फोग्रा ३९ म्हणाले तर फोटोशॉप, इनडिझाइन, कोरल, सगळीकडे तेच.

रूपांतर झाल्यावर फोटोच्या कडेला आयड्रॉपर (रंगाचे आकडे वाचणारं टूल) ठेवायचा, चारही आकडे वहीत लिहायचे आणि पानाच्या स्वॉचमध्ये, म्हणजे जपून ठेवलेल्या रंगात, तेच घालायचे. काळ्यासाठी मी उलटं करते. आधी पानाचा काळा ठरवते, ६०-४०-४०-१००, आणि फोटोची पार्श्वभूमीही त्याच आकड्यांनी भरते. बेरीज २४०, शाई वाळायला त्रास नाही. मात्र या काळ्यावर बारीक पांढरी अक्षरं ठेवू नका. रजिस्ट्रेशन, म्हणजे चारही शायांची एकमेकींवरची जुळणी, केसभर हललं, तरी अक्षरांच्या कडा रंगीत होतात.

त्याहून चांगला उपाय म्हणजे जोडच ठेवू नये. पणतीचा फोटो पारदर्शक कडांसह पीएसडीत (फोटोशॉपच्या फाइलमध्ये) ठेवा, म्हणजे खालचा व्हेक्टर रंगच आरपार दिसेल. नाहीतर पूर्ण पार्श्वभूमी फोटोतच घ्या. डिजिटल मशीनवर हे फार महत्त्वाचं. तिथे पुष्कळदा फोटोसाठी एक स्क्रीन (इथे अर्थ ठिपक्यांची जाळी) आणि व्हेक्टरसाठी दुसरी स्क्रीन वापरली जाते. आकडे तंतोतंत सारखे असूनही पोत वेगळा उमटतो, आणि ही चूक कुठल्याही आकड्याने दुरुस्त होत नाही.

मघाशी एका ताईंनी विचारलं, की फाइल तासाभरात द्यायची असेल तर किमान काय तपासू? ॲक्रोबॅटमध्ये पीडीएफ उघडा, 'आउटपुट प्रीव्ह्यू' लावा. माऊस फोटोच्या कडेच्या आत ठेवा, आकडे वाचा, मग बाहेर ठेवा, वाचा. चारही कडांना करा, फक्त एकीला नको. माझ्या त्या पणतीच्या फोटोला हे करायला दोन मिनिटंही लागली नसती. प्लेटा नव्याने काढायला अख्खी रात्र गेली.