मिंगो क्रीककाठची मोकळी जागा

हे मैदान बघा. पोरं फुटबॉल खेळतायत. कडेची जमीन उंच आणि मैदान मात्र बशीसारखं खोल. मुसळधार पाऊस झाला की मिंगो क्रीक या ओढ्याचं जादा पाणी इथे शिरतं, थांबतं, आणि ओढा उतरला की हळूहळू परत जातं.

हे टल्सा. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातलं शहर. २६ मे १९८४ च्या रात्री इथे आभाळ फाटलं. १४ माणसं गेली, ६,८०० हून जास्त घरांचं नुकसान झालं. पूर आधीही यायचे. लोक चिखल उपसायचे, भिंती रंगवायचे आणि तिथेच राहायचे. या वेळी मात्र शहरानं सर्वांत धोक्यातली सुमारे ३०० घरं विकत घेतली आणि पाडली. पाणी साठवायला खोलगट मैदानं केली. निचऱ्याच्या कामांसाठी घरटी शुल्क बसवलं, आणि लोकांनी ते भरलं.

आता विम्याचं बघू. अमेरिकेत साध्या घरविम्यात पुराचं नुकसान धरत नाहीत. त्यासाठी १९६८ पासून सरकारची वेगळी पूरविमा योजना आहे. १९९० मध्ये तिला ‘कम्युनिटी रेटिंग सिस्टीम’ जोडली गेली. गावानं किमान नियमांपेक्षा जास्त काम केलं की गुण मिळतात आणि गुणांवरून वर्ग ठरतो. दहाव्या वर्गाला विम्याच्या हप्त्यात सवलत नाही. तिथून एकेक वर्ग वर चढलं की ५ टक्के, पहिल्या वर्गाला ४५. टल्सा २०२२ मध्ये पहिल्या वर्गात पोचलं.

म्हणजे स्वयंपाकघरातल्या टेबलावर पॉलिसीच्या नूतनीकरणाचं पत्र येतं, त्यात मूळ हप्ता १,००० डॉलर असेल तर ४५० वजा होतात. पॉलिसीवरची इतर शुल्कं वेगळी. या घरमालकानं स्वतः काहीच केलेलं नसेल, तरीही. ही वजाबाकी गल्लीच्या टोकाच्या रिकाम्या प्लॉटची आहे. तिथे एका कुटुंबाचं घर होतं. मला वाटतं, पत्रात त्याचाही उल्लेख हवा होता.

ज्याची पॉलिसीच नाही, त्याला यातलं काही मिळत नाही. पाणी अडलं, एवढाच त्याचा फायदा. आणि तो मोठा आहे.

हा वर्ग कायमचा नसतो. कामं चालू असल्याचं शहराला दरवर्षी कळवावं लागतं. म्हणून पावसाळी गटारांच्या जाळ्यांत अडकलेला पाला काढणाऱ्या माणसाचाही त्या हप्त्याशी संबंध आहे.