क्लॉडियसचं भाषण आणि मास्टार्ना

नमस्कार मंडळी. रोमचे सम्राट म्हटलं की सगळे नीरो नाहीतर कॅलिग्युलाबद्दल विचारतात. आज मात्र मी क्लॉडियसबद्दल बोलणार आहे, कारण मला हा माणूस फार जवळचा वाटतो.

जन्म इ.स.पू. 10, लुग्डुनममध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समधलं लिऑं. लहानपणापासून आजारी, पाय ओढत चालायचा, बोलताना अडखळायचा. आणि घरचे कसे, तर सख्खी आई अँटोनिया म्हणायची की निसर्गाने हा माणूस करायला घेतला आणि अर्धवटच टाकून दिला. कुणी मूर्ख वाटला तर म्हणायची, हा माझ्या क्लॉडियसपेक्षाही मठ्ठ आहे! चारचौघांत त्याला न्यायचीसुद्धा घरच्यांना लाज वाटायची. मग पोरगं पुस्तकांत रमलं. लिव्हीसारख्या इतिहासकाराने त्याला लिहायला लावलं, आणि पुढे त्याने एट्रुस्कन लोकांचा इतिहास ग्रीकमध्ये 20 खंडांत लिहिला. एट्रुस्कन म्हणजे रोमच्या उत्तरेचे जुने लोक, त्यांची भाषा तेव्हाच मरायला टेकली होती.

24 जानेवारी 41 ला कॅलिग्युलाचा खून झाला, क्लॉडियस जीव मुठीत धरून पडद्यामागे लपला, एका शिपायाला त्याचे पाय दिसले आणि त्याने बाहेर ओढून थेट सम्राट म्हणून सलामच ठोकला. वय 49. पुढे ब्रिटन जिंकलं, ऑस्टियाजवळ बंदर बांधायला घेतलं, ते सगळं पुस्तकांत आहेच. एक कायदा मात्र सांगतो. रोममध्ये आजारी गुलामांना टायबर नदीतल्या बेटावर टाकून द्यायचे, औषधपाण्याचा खर्च नको म्हणून. क्लॉडियसने ठरवलं की असा टाकलेला गुलाम बरा झाला तर तो स्वतंत्र, आणि मालकाने त्याला टाकण्याऐवजी मारलं तर तो खून. आता त्याला देवमाणूस करायला नको, त्याच्या काळात 35 सिनेटर आणि 300 च्या वर सरदार मारले गेले असं रोमन चरित्रकार सुटोनियस लिहितो, ते विसरता येत नाही.

पण मला बोलायचंय ते 48 सालच्या भाषणाबद्दल. गॉलमधल्या, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समधल्या, मोठ्या घराण्यांनी मागणी केली की आम्हालाही रोममध्ये पदं मिळावीत, सिनेटमध्ये बसता यावं. सिनेटर भडकले, यांच्या आजे-पणज्यांनी ज्युलियस सीझरला वेढलं होतं आणि आता हे आमच्या शेजारी बसणार? क्लॉडियस उभा राहिला. टॅसिटस या रोमन इतिहासकाराने हे भाषण आपल्या शब्दांत नीटनेटकं करून दिलंय, पण 1528 मध्ये लिऑंला ब्राँझचा एक पत्रा सापडला, त्यावर मूळ भाषण कोरलेलं आहे, आणि ते नीटनेटकं अजिबात नाही. तो सुरुवात करतो थेट जुन्या राजांपासून, नुमा रोमशेजारच्या सॅबाइन लोकांतून आला, थोरल्या टार्क्विनचा बाप कोरिंथचा, म्हणजे बाहेरचे लोक तर आपल्याकडे राजे झालेत, मग सिनेटर का नको. बोलता बोलता इतका भरकटतो की मध्येच स्वतःलाच म्हणतो, 'टायबेरियस सीझर जर्मानिकस, आता तुझं भाषण कुठे चाललंय ते सिनेटला सांगायची वेळ झाली.' मला हे वाक्य वाचलं की भरून येतं. जन्मभर ज्याला गप्प बसवलं तो माणूस बोलतोय, आणि अभ्यास इतका आहे की थांबवत नाही.

सर्व्हियस टुलियस राजाबद्दल तो त्या भाषणात म्हणतो की तुमचे लेखक काहीही सांगोत, एट्रुस्कन लोक त्याला केलियस विबेना या एट्रुस्कन योद्ध्याचा सोबती मानतात आणि सर्व्हियसचं खरं नाव होतं मास्टार्ना. शेवटी निर्णय गॉलच्या बाजूने लागला, पहिला मान गॉलमधल्या एडुई या टोळीला मिळाला. पण त्याचे ते 20 खंड सगळे हरवले, एकही उरला नाही, आणि मास्टार्ना हे नाव दुसऱ्या रोमन लेखकांकडे जवळपास सापडतच नाही.

मग 1857 मध्ये इटलीत वुल्चीला एक एट्रुस्कन थडगं उघडलं, क्लॉडियसच्याही 300-400 वर्षं आधीचं. आत भिंतीवर चित्र आहे, एक माणूस आपल्या मित्राच्या हाताला बांधलेली दोरी तलवारीने कापतोय. शेजारी दोघांची नावं एट्रुस्कन अक्षरांत लिहिलीत. सुटणारा केलियस विबेना, आणि सोडवणारा माक्स्तर्ना.