कंदिलातील काळी तार कोठे जोडावी?

नमस्कार मंडळी. जुन्या कंदिलात चार्जिंगचा एलईडी दिवा बसवणाऱ्या अनेकांनी एकच तक्रार कळवली आहे : सर्व जोडणी बरोबर असूनही दिवा लागत नाही, एलईडीची काळी, म्हणजे मायनसची, तार चार्जिंगच्या छोट्या सर्किटवरील शेजारच्या बिंदूवर नेली की मात्र तत्काळ लागतो, मग ती तेथेच ठेवली तर काय बिघडले? पुष्कळ बिघडते, आणि आजचा व्हिडिओ त्यासाठीच आहे.

सामान आपल्याला ठाऊकच आहे : एक 18650 लिथियम सेल (नळीच्या आकाराचा, पुन्हा चार्ज होणारा), टीपी 4056 चे चार्जिंग मॉड्यूल (सेल चार्ज करणारे ते छोटे सर्किट), ॲल्युमिनियमच्या चकतीवरील 1 वॅटचा पांढरा एलईडी, 3.3 ओहमचा 1 वॅट रेझिस्टर आणि एक स्विच. टाकीतील रॉकेल काढून, ती साबणाने धुऊन उन्हात पूर्ण वाळवावी. वास येतो तोवर सोल्डरिंग आयर्न जवळ नेऊ नये. वातीच्या जागी एलईडी बसतो, तर तळ कापून मोकळ्या केलेल्या टाकीत सेल आणि मॉड्यूल राहते.

आता काळी तार. मॉड्यूल तारा जोडण्याच्या सहा बिंदूंचेच घ्यावे, कारण चार बिंदूंच्या मॉड्यूलमध्ये सेलच्या संरक्षणाची चिप नसते. सेलचा मायनस बी मायनस (B-, बॅटरीचा बिंदू) वर आणि एलईडीचा मायनस आऊट मायनस (OUT-, बाहेर जाणारा बिंदू) वर जोडायचा असतो. प्लसच्या बाजूला बी आणि आऊट आतून एकच असल्यामुळे लाल तारेची चूक खपून जाते. परंतु संरक्षण करणारी चिप मायनसची वाट तोडूनच काम करते, त्यामुळे काळी तार बी मायनसवर नेली की पहारेकऱ्याला दारावर उभे करून आपण मागच्या दाराने ये-जा सुरू करतो.

मग आऊटवर दिवा का लागत नाही? सेल प्रथम जोडल्यावर ही चिप पुष्कळदा वाट बंदच ठेवते. मोबाइलचा चार्जर क्षणभर जोडावा, वाट उघडते. मॉड्यूल खराब निघाले म्हणून दुकानदाराशी भांडणाऱ्यांनी आधी एवढे करून पाहावे.

एका प्रेक्षकाने लिहिले आहे की सेल उतरत गेला की पांढरा एलईडी आपोआप मंदावतो, मग संरक्षण कशाला हवे? आक्षेप अर्धा खरा आहे. सेल फार उतरू न देणे हे चिपचे एक काम आहे, परंतु तिचे दुसरे काम शॉर्ट झाल्यास वाट तोडणे हे आहे, आणि त्याचा धडा मी स्वतः घेतला आहे. 2019 च्या ऑगस्टमधील महापुरात वीज गेली, माळ्यावरचा आजोबांचा कंदील खाली आला, पण घरात रॉकेल नव्हते. म्हणून नंतर मी त्यात पहिला दिवा बसवला आणि काळी तार अर्थातच बी मायनसवर जोडली. जुलै 2021 मध्ये पंचगंगा पुन्हा पात्राबाहेर आली, तेव्हा तोच कंदील कडीला धरून जिना उतरत असताना बर्नरच्या छिद्राच्या धारेने दोन्ही तारांचे आवरण सोलले गेले, पत्र्यातून शॉर्ट झाले आणि टाकीतून धूर निघाला. तार आऊट मायनसवर असती तर दिवा फक्त विझला असता.

तार योग्य ठिकाणी असूनही पत्रा घात करू शकतो. 18650 सेलचे संपूर्ण बाह्य कवच हे मायनसच असते. त्यावरील प्लास्टिक फाटून ते टाकीला टेकले आणि आऊट मायनसची तारही कोठेतरी पत्र्याला टेकली, तर कंदील स्वतःच ती चुकीची जोडणी करून देतो. म्हणून सेलभोवती जाड आवरण द्यावे आणि छिद्रात रबरी बुश बसवावे. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले, प्लास्टिक सोललेले सेल वापरण्याचा मोह ज्यांना होतो, त्यांनी हे वाक्य पुन्हा ऐकावे.

तळ बंद करण्यापूर्वी सेल काढून ठेवावा, मल्टिमीटर बझरवर (दोन टोकांत जोडणी असेल तर आवाज करणाऱ्या सेटिंगवर) लावावा, एक टोक बी मायनसवर आणि दुसरे गंज खरवडलेल्या पत्र्यावर टेकवावे. आवाज येता कामा नये. माझ्या दुसऱ्या कंदिलात तो आला, आणि दोष सापडला तो मॉड्यूलच्या खालून बाहेर डोकावणाऱ्या सोल्डरच्या एका टोकात.