आधी प्रश्न लिहा, मग व्हिडिओ

काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदारांसाठी आम्ही पहिला ऑनलाइन कोर्स केला, तेव्हा बोर्डो पेस्टवर, म्हणजे झाडाच्या खोडाला लावायच्या मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याच्या बुरशीनाशक लेपावर, माझा चाळीस मिनिटांचा व्हिडिओ होता. डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, कशाने होतो, बुरशी झाडात कशी शिरते, सगळं त्यात होतं. नंतर एका बागायतदारांचा फोन आला : ‘मॅडम, व्हिडिओ पुरा पाह्यला. पन पेस्टमंदी खिळा बुडवला तं लाल झाला. आता काय करा लागते?’ उत्तर व्हिडिओत होतं, शेवटाकडे, एका वाक्यात. ते त्यांच्या हाती लागलं नाही, ही चूक माझी.

तेव्हापासून मी कोर्स त्या खिळ्यापासून बांधायला घेते. आज नागपुरात तुम्ही एवढे शिक्षक आणि प्रशिक्षक जमलात, म्हणून आग्रहाने सांगते : शिकणाऱ्याने शेवटी काय करून दाखवायचं, ते आधी एका वाक्यात लिहा. ‘बोर्डो पेस्टची माहिती मिळेल’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘१ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाण्यात पेस्ट करेल, लोखंडी खिळ्याने तपासेल, तांबूस थर आला तर आणखी चुना घालेल’ हे उद्दिष्ट. त्यावरून लगेच प्रश्न लिहा : खिळा लाल झाला, आता काय कराल? मग काय गाळायचं ते कळू लागतं. बुरशीचं जीवनचक्र गेलं. लोखंडी भांडं वापरू नका, हे राहिलं.

व्हिडिओ सहा मिनिटांच्या आत ठेवा. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर व्हिडिओ ६९ लाख वेळा पाहिले गेले, त्याचा अभ्यास २०१४ मध्ये झाला, त्यात त्यापुढे लक्ष घसरताना दिसलं. चित्र थोडं अंधुक चालेल, अस्पष्ट आवाज चालणार नाही. बर्डीच्या बाजारातून साधा कॉलर माइक आणा.

आणि आठवायला लावा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये काही विद्यार्थ्यांना एक उतारा चारदा वाचायला दिला. काहींनी तो एकदा वाचून तीनदा आठवून लिहिला. आठवड्यानंतर पहिल्यांना ४० टक्के आठवलं, दुसऱ्यांना ६१. पाच मिनिटांनी मात्र वाचणारेच पुढे होते! म्हणून व्हिडिओ संपताच विचारलेल्या प्रश्नावर मी विसंबत नाही. तोच प्रश्न आठवड्याने व्हॉट्सॲपवर पुन्हा पाठवते.

कोर्स सगळ्यांना देण्याआधी तिघांच्या शेजारी बसा. त्यांचाच मोबाइल, त्यांचंच नेटवर्क, आणि तुम्ही गप्प. हे फार जड जातं, तोंडातून उत्तर निघू पाहतं. आमच्या दुसऱ्या कोर्सला तिघांनीही व्हिडिओ एकाच जागी मागे नेला : चुन्यात मोरचूद ओतायचं की मोरचुदात चुना? तेवढा भाग आम्ही पुन्हा चित्रित केला. प्लॅस्टिकच्या दोन बादल्या, दोन माणसं, आणि दोन्ही द्रावणं एकाच वेळी तिसऱ्या बादलीत. निवेदन काढून टाकलं, फक्त ओतण्याचा आवाज ठेवला.