दिलेली नोटीस मागे घेता येते का?

श्रोतेहो, नमस्कार.

29 मार्च 2017. ब्रिटनचे ब्रसेल्समधले राजदूत सर टिम बॅरो यांनी युरोपीय परिषदेचे अध्यक्ष डोनाल्ड टस्क यांच्या हाती सहा पानी पत्र ठेवलं. खाली पंतप्रधान थेरेसा मे यांची सही होती. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडू इच्छितो, अशी ती, संघाचे नियम ठरवणाऱ्या लिस्बन कराराच्या कलम 50 खालची, रीतसर नोटीस होती. त्या घटकेपासून दोन वर्षांची मुदत सुरू झाली. मुदत संपली की बाहेर पडण्याच्या अटींचा करार झालेला असो वा नसो, सदस्यत्व संपणार.

पण या दोन वर्षांत देशाचं मन बदललं तर? नोटीस मागे घेता येईल का? आणि घेता येत असेल तर एकट्याच्या मर्जीनं, की बाकीच्या 27 देशांना विचारून? कलम 50 मध्ये एकूण पाच परिच्छेद आहेत. बाहेर कसं पडायचं, मुदत कशी वाढवायची, बाहेर पडून पुन्हा यायचं तर काय करायचं, हे सगळं त्यात आहे. नोटीस मागे घेण्याबद्दल मात्र अवाक्षर नाही.

याआधी लंडनमध्ये एक मोठा खटला झाला होता. नोटीस द्यायला संसदेची परवानगी लागते की सरकार आपल्या अधिकारात ती देऊ शकतं, हा त्यातला वाद. जीना मिलर यांनी तो लढवला आणि 24 जानेवारी 2017 ला सर्वोच्च न्यायालयात आठ विरुद्ध तीन अशा मतांनी जिंकला. त्या खटल्यात दोन्ही बाजू एक गोष्ट धरूनच चालल्या होत्या : एकदा नोटीस दिली की ती परत घेता येत नाही. न्यायालयही तेच गृहीत धरून पुढे गेलं. देशाच्या भवितव्याचा एवढा कळीचा मुद्दा, आणि तो कोणीही तपासून पाहिला नाही! कलम 50 चा मसुदा ज्यांच्या हातून उतरला, ते लॉर्ड केर तर नोटीस मागे घेता येते असं उघडपणे सांगत होते.

शेवटी हा प्रश्न स्कॉटलंडमधून विचारला गेला. जून 2016 च्या सार्वमतात संपूर्ण ब्रिटनमध्ये 51.9 टक्के मतं बाहेर पडण्याच्या बाजूनं पडली होती, पण स्कॉटलंडमध्ये 62 टक्के लोकांनी संघात राहायचं म्हटलं होतं. डिसेंबर 2017 मध्ये तिथल्या सहा लोकप्रतिनिधींनी एडिनबराच्या कोर्ट ऑफ सेशनमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या वरिष्ठ दिवाणी न्यायालयात, याचिका दाखल केली. अँडी वाइटमन आणि रॉस ग्रीअर हे स्कॉटिश संसदेचे सदस्य, जोअ‍ॅना चेरी वेस्टमिन्स्टरमधल्या, म्हणजे ब्रिटिश संसदेतल्या, खासदार, आणि अ‍ॅलिन स्मिथ, डेव्हिड मार्टिन, कॅथरिन स्टायलर हे युरोपीय संसदेचे सदस्य. कोणी ग्रीन पक्षाचे, कोणी स्कॉटिश नॅशनल पक्षाचे, कोणी मजूर पक्षाचे. बॅरिस्टर जोलियन मॉम त्यांच्यासोबत होते आणि खर्चासाठी लोकांकडून वर्गणी गोळा केली गेली.

सरकारचं म्हणणं काय होतं? आमचा नोटीस मागे घ्यायचा विचारच नाही, त्यामुळे प्रश्न काल्पनिक आहे, आणि काल्पनिक प्रश्नांना उत्तरं देणं हे न्यायालयाचं काम नव्हे. फेब्रुवारी 2018 मध्ये पहिल्या न्यायाधीशांनी याचिका पुढे जाऊ दिली नाही. मार्चमध्ये अपिलात ती जिवंत झाली. जूनमध्ये दुसऱ्या न्यायाधीशांनी ती पुन्हा फेटाळली. 21 सप्टेंबरला लॉर्ड कार्लोवे यांच्या अध्यक्षतेखालच्या अपील पीठानं तो निर्णय फिरवला आणि प्रश्न लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाकडे पाठवायचं ठरवलं. अपील पीठानं धरलेला मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. बाहेर पडण्याच्या करारावर खासदारांना मतदान करावंच लागणार होतं, तसा कायदाच झाला होता. मग आपल्यापुढे नेमके किती पर्याय आहेत, हे त्यांना मत देण्याआधी कळायला नको का?

मला सरकारचा पवित्रा तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही. हा करार घ्या, नाहीतर कराराविना बाहेर पडा, असं सरकार खासदारांना सांगत होतं, आणि तिसरी वाट कायद्यानं उघडी आहे का हे विचारणाऱ्यांना न्यायालयात अडवत होतं. लक्झेंबर्गची सुनावणी टळावी म्हणून ते सर्वोच्च न्यायालयाकडेही गेलं. 20 नोव्हेंबरला तिथं परवानगी नाकारली गेली.

27 नोव्हेंबर 2018 ला लक्झेंबर्गमध्ये पूर्ण पीठासमोर सुनावणी झाली. पूर्ण पीठ तिथं क्वचितच बसतं. युरोपीय आयोग आणि परिषद यांनी म्हटलं, नोटीस मागे घेता येते, पण बाकीच्या सर्व देशांची एकमतानं संमती हवी. त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती. उद्या एखादा देश नोटीस देईल, वाटाघाटीत सवलती पदरात पाडायला बघेल, मुदत संपत आली की नोटीस मागे घेईल आणि पुन्हा नवी देऊन आणखी दोन वर्षं मिळवेल.

हे ऐकताना आपल्याकडचा एक निकाल आठवतो. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सतीश चंद्र यांनी मे 1977 मध्ये राष्ट्रपतींना राजीनामा पाठवला, 1 ऑगस्टपासून लागू होईल असा. जुलैमध्ये त्यांनी तो मागे घेतला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1978 मध्ये बहुमतानं निकाल लागला की पुढची तारीख घातलेला राजीनामा ती तारीख उजाडेपर्यंत मागे घेता येतो. देशादेशांतल्या करारांचे नियम सांगणाऱ्या व्हिएन्ना करारातल्या कलम 68 मध्येही हेच तत्त्व आहे : करारातून बाहेर पडण्याची सूचना अमलात येईपर्यंत केव्हाही मागे घेता येते.

लक्झेंबर्गचा निकाल सुनावणीनंतर तेराव्या दिवशी आला, 10 डिसेंबर 2018 ला. ब्रिटनला नोटीस एकतर्फी मागे घेता येते, कोणाची संमती लागत नाही. कारण बाहेर पडणं हा जसा त्या देशाचा सार्वभौम निर्णय, तसंच न पडणंही. संमतीची अट घातली तर ज्याला राहायचं आहे त्यालाही त्याच्या मर्जीविरुद्ध बाहेर काढता येईल, आणि कोणत्याही देशाला जबरदस्तीनं बाहेर घालवता येत नाही. मात्र हे बाहेर पडण्याचा करार अमलात येण्याआधी व्हायला हवं. करार झालाच नाही तर दोन वर्षांची, किंवा वाढवून घेतलेली, मुदत संपण्याआधी. लोकशाही मार्गानं निर्णय झालेला हवा, आणि तो लेखी, निःसंदिग्ध व बिनशर्त कळवायला हवा. आयोगाच्या भीतीला उत्तर आहे ते त्या ‘बिनशर्त’मध्ये. मग ब्रिटन पूर्वीच्याच अटींवर सदस्य राहिला असता, स्वतःच्या पौंड या चलनासकट.

न्यायालयानं नागरिकांचाही विचार केला. देश बाहेर पडला की माणसांचं युरोपीय नागरिकत्व आणि त्यासोबतचे हक्क यांवर मोठा परिणाम होतो, हे निकालात स्पष्ट म्हटलं आहे. इथं गोव्यातल्या श्रोत्यांना इंग्लंडमधलं स्विंडन शहर आठवेल. पोर्तुगीज पासपोर्टवर तिथं जाऊन राहिलेल्या हजारो गोवेकरांना सार्वमतात मत नव्हतं, कारण ते युरोपीय नागरिक होते. त्याच वेळी भारतीय पासपोर्टवर लंडनमध्ये नोकरी करणाऱ्या माणसाला मत होतं, कारण तो राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक. ज्याच्या राहण्याचा हक्कच पणाला लागला होता, त्याला कोणी विचारलं नाही.

निकालाच्याच दिवशी मे यांनी बाहेर पडण्याच्या करारावरचं दुसऱ्या दिवशीचं संसदेतलं मतदान पुढे ढकललं. मार्च 2019 मध्ये नोटीस मागे घ्या अशी मागणी करणाऱ्या ऑनलाइन अर्जावर साठ लाखांहून जास्त सह्या झाल्या. कराराविना बाहेर पडण्याची वेळ आली तर नोटीस मागे घ्यावी, असा ठराव जोअ‍ॅना चेरी यांनी संसदेत मांडला. 27 मार्चला तो 184 विरुद्ध 293 मतांनी पडला आणि पाच दिवसांनी 191 विरुद्ध 292 नं पुन्हा पडला. डिसेंबर 2019 च्या निवडणुकीत लिबरल डेमोक्रॅट पक्ष नोटीस मागे घेण्याचं आश्वासन देऊन उतरला. त्याला 11 जागा मिळाल्या आणि नेत्या जो स्विन्सन स्वतः हरल्या. मला हा कौल दुःखद वाटतो, पण तो पर्याय माहीत असताना दिलेला कौल होता, आणि तेवढ्यासाठी त्या सहा जणांची खटपट सार्थकी लागली असं मी मानतो.

31 जानेवारी 2020 ला रात्री, ब्रसेल्समध्ये बारा वाजले तेव्हा, वाढवून घेतलेली मुदत संपून ब्रिटन बाहेर पडला आणि ती मुभा संपली. आता परत यायचं तर कलम 49 : नवा अर्ज, नव्या वाटाघाटी आणि सर्व सदस्य देशांची एकमतानं संमती.

लक्झेंबर्गला आणखी एका खटल्याचा निकाल द्यावा लागला. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला जेर्स नावाचा जिल्हा आहे. तिथं 1984 पासून राहणाऱ्या, फ्रेंच माणसाशी लग्न केलेल्या एका ब्रिटिश बाईंचं नाव ब्रेक्झिटनंतर गावच्या मतदारयादीतून काढलं गेलं. पंधरा वर्षांहून अधिक काळ देशाबाहेर असल्यामुळे 2016 च्या सार्वमतातही त्यांना मत देता आलं नव्हतं. माझं युरोपीय नागरिकत्व मी सोडलेलं नाही, मग ते कोणी काढून घेतलं, असा त्यांचा सवाल होता. 9 जून 2022 ला न्यायालयानं उत्तर दिलं : देशानं सार्वभौम निर्णयानं संघ सोडला, त्यासरशी नागरिकत्व आपोआप गेलं, आणि गावच्या निवडणुकीतलं मतही.