खाटेपाशी उभा असलेला कायदा

(पडद्यावर: डब्लिनच्या जुन्या वस्त्यांची कृष्णधवल छायाचित्रं. दारात मुलं. एका खिडकीशी खोकणारी बाई.)

१९४८ साली आयर्लंडच्या संसदेत बत्तीस वर्षांचा एक डॉक्टर पहिल्यांदा पाऊल ठेवतो, आणि त्याच दिवशी देशाचा आरोग्यमंत्री होतो. त्याचं नाव नोएल ब्राउन. त्याचे आईवडील क्षयाने गेले होते, काही भावंडंही त्याच रोगाने गेली होती. विद्यार्थी असताना त्यालाही क्षयाने गाठलं होतं, तो कसाबसा त्यातून उठला. राजकारणात येताना त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती: हा रोग या देशातून हटवायचा.

आयर्लंडमध्ये तेव्हा रुग्णालयांसाठी घोड्यांच्या शर्यतींवर लॉटरी चालायची. तिचा साठलेला पैसा ब्राउनने बाहेर काढला आणि क्षयरुग्णांसाठी खाटा उभ्या केल्या. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं औषध आणि बीसीजीची लस त्याच सुमारास हाताशी आली होती. क्षयाने होणारे मृत्यू झपाट्याने खाली आले.

मग त्याने दुसरं काम हाती घेतलं, ‘आई आणि मूल योजना’. प्रत्येक गरोदर बाईला, प्रत्येक बाळंतिणीला आणि सोळा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला मोफत उपचार. उत्पन्न किती, जमीन किती, नवरा काय करतो, असलं काही विचारायचं नाही. शेजारी उत्तर आयर्लंडमध्ये ५ जुलै १९४८ पासून ब्रिटिश सरकारची मोफत आरोग्यसेवा सुरूही झाली होती. बेलफास्टच्या बाईला जे मिळत होतं, ते डब्लिनच्या बाईलाही मिळावं, एवढीच मागणी होती.

(पडद्यावर: टाइपरायटरवर उमटणारं पत्र.)

ऑक्टोबर १९५० मध्ये कॅथलिक बिशपांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं. ही योजना मान्य नाही, असं त्यात म्हटलं होतं.

त्यांचं म्हणणं नीट ऐकून घेतलं पाहिजे. मुलांच्या आरोग्याची जबाबदारी आधी आईबापांची, सरकारची नव्हे, असं ते सांगत होते. आज जे सरकार सगळ्यांना औषध देतं, तेच उद्या घराघरात काय चालावं हे ठरवू लागेल. हिटलरचं राज्य कोसळून तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती, आणि पूर्व युरोपात सरकारं चर्चची गळचेपी करत होती. त्यामुळे ही भीती पोकळ होती असं मला म्हणवत नाही. पण पत्रात आणखी एक भीती होती, आणि खरी मेख तिथेच होती. योजनेत बायकांना आरोग्याचं शिक्षण मिळणार होतं. ते देणारा डॉक्टर कॅथलिक शिकवणीतला नसला तर? त्याने संततिनियमनाबद्दल काही सांगितलं तर?

डॉक्टरांची संघटनाही विरोधात उभी राहिली. त्यांची चिंता साधी होती. मोफत उपचार सुरू झाले तर खाजगी फी बुडणार. धर्माचा आवाज मोठा असल्यामुळे हा दुसरा आवाज त्याच्या आडोशाला राहिला, असं हा सगळा प्रसंग वाचताना मला सतत वाटत राहिलं.

मंत्रिमंडळाने ब्राउनला एकटं पाडलं. ११ एप्रिल १९५१ रोजी त्याने राजीनामा दिला, आणि सरकार व बिशप यांच्यातली सगळी पत्रं वर्तमानपत्रांच्या हवाली केली. बंद दाराआड काय ठरलं होतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या देशाने वाचलं. पंतप्रधान जॉन कॉस्टेलो यांनी संसदेत काही लपवलं नाही. एक कॅथलिक म्हणून आपण आपल्या चर्चच्या अधिकाऱ्यांचं ऐकतो आणि यापुढेही ऐकत राहू, असं ते उघड म्हणाले.

एका माणसाने स्वतःपुरतं हे म्हणावं, यात काहीच वावगं नाही. पण पंतप्रधानाने हे वाक्य उच्चारलं आणि ते देशातल्या प्रत्येक आईच्या औषधाशी बांधलं गेलं. ती आई कॅथलिक असो, प्रॉटेस्टंट असो, ज्यू असो किंवा कशावरच विश्वास नसलेली असो.

(पडद्यावर: दगडी इमारत, उंच खिडक्या, पांढऱ्या शिरोवस्त्रातल्या जोगिणी, म्हणजे चर्चच्या नन.)

इथे चर्चला खलनायक ठरवून पुढे जाणं सोपं आहे. पण ते खरं ठरणार नाही. १८३२ साली डब्लिनमध्ये पटकी पसरली, तेव्हा रोग्यांच्या उशाशी बसल्या त्या जोगिणी. १८३४ साली मेरी एकनहेड या जोगिणीने सेंट व्हिन्सेंट रुग्णालय सुरू केलं. आयर्लंडमध्ये बायकांनी चालवलेलं ते पहिलं रुग्णालय. दारात येणाऱ्या गरिबाला त्याचा धर्म विचारायचा नाही, असं तिथे ठरलेलं होतं. सरकार गरिबाकडे ढुंकून पाहत नव्हतं त्या काळात ही माणसं पाहत होती. आज ज्याला आपण आरोग्यसेवा म्हणतो, तिचा पाया तिथे या बायकांनी घातला आहे. श्रद्धा नसती तर त्या पटकीच्या रोग्यांजवळ गेल्या असत्या का, हा प्रश्न मी मनातून काढू शकलेलो नाही.

काळ पुढे सरकला. इमारती, जमिनी आणि नियम चर्चच्या संस्थांकडे राहिले, पैसा मात्र दिवसेंदिवस सरकारचा, म्हणजे सगळ्यांचा होत गेला. आणि नियम आड येऊ लागले. २००५ साली डब्लिनच्या एका कॅथलिक रुग्णालयात फुफ्फुसाच्या कर्करोगावरच्या नव्या औषधाची चाचणी अडली. कारण हे की, चाचणीत भाग घेणाऱ्या बायकांनी त्या काळात गर्भनिरोधक वापरावं, असं माहितीपत्रकात लिहिलं होतं. कर्करोग झालेल्या बाईपुढचा हा कागद, आणि त्यावर अडलेली समिती.

गर्भनिरोधकांची गोष्ट तर १९३५ पासूनची. त्या वर्षी कायद्याने त्यांची विक्री आणि आयात हा गुन्हा ठरवला. २२ मे १९७१ रोजी काही बायका डब्लिनहून रेल्वेने बेलफास्टला गेल्या, तिथे गर्भनिरोधकं विकत घेतली आणि परत येऊन कस्टमच्या लोकांसमोर ती उंच धरून दाखवली. दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने मेरी मॅगी या चार मुलांच्या आईच्या बाजूने निकाल दिला. आणखी एक बाळंतपण तिच्या जिवावर बेतेल असं डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. नवरा-बायकोच्या खाजगी आयुष्यात कायद्याने इतकं आत शिरू नये, असं न्यायालय म्हणालं. १९७९ साली कायदा बदलला, तोही अर्धामुर्धा. गर्भनिरोधक मिळेल, पण डॉक्टरच्या चिठ्ठीवर. आरोग्यमंत्री चार्ल्स हॉही त्याला ‘आयरिश प्रश्नावरचं आयरिश उत्तर’ म्हणाले.

(पडद्यावर: मतदान केंद्र. १९८३.)

गर्भपात तर १८६१ च्या ब्रिटिश कायद्यापासूनच गुन्हा होता. तरी १९८३ मध्ये सार्वमत घेऊन थेट राज्यघटनेत कलम घातलं गेलं: न जन्मलेल्या जिवाचा जगण्याचा हक्क, आणि आईचाही तेवढाच. सुमारे ६७ टक्के लोकांनी ‘हो’ म्हटलं.

‘तेवढाच’ हा शब्द कागदावर न्याय्य दिसतो. रुग्णालयातल्या डॉक्टरला मात्र तो असं विचारतो: आईचा जीव किती धोक्यात आल्यावर तू हात लावणार? थोडा? बराच? नऊ वर्षांनी एका चौदा वर्षांच्या मुलीच्या खटल्यात न्यायालयाला हाच प्रश्न सोडवावा लागला. बलात्कारातून तिला दिवस गेले होते. इंग्लंडला जाऊ दिलं नाही तर ती जीव देईल, अशी अवस्था होती. खालच्या न्यायालयाने तिला देशाबाहेर जायची बंदी केली, सर्वोच्च न्यायालयाने ती उठवली. आईच्या जिवाला खरा आणि मोठा धोका असेल तर गर्भपात करता येईल, असा निर्वाळा न्यायालयाने १९९२ मध्ये दिला. पण तो धोका कोणी आणि कसा मोजायचा, हे सांगणारा कायदा पुढची वीस वर्षं कुठल्याच सरकारने केला नाही. मतं जाण्याची भीती होती. त्या वीस वर्षांत दर वर्षी हजारो बायका गुपचूप इंग्लंडची वाट धरत राहिल्या. ज्यांच्याकडे तिकिटाचे पैसे होते त्या.

(पडद्यावर: गॉलवे. पाऊस. रुग्णालयाचा लांब व्हरांडा. निवेदन इथे सावकाश.)

२१ ऑक्टोबर २०१२, रविवार. सविता हलप्पनवार, वय ३१, दंतवैद्य. माहेर बेळगावचं. सतरावा आठवडा. पाठ दुखते म्हणून ती गॉलवेच्या विद्यापीठ रुग्णालयात येते. रात्री उशिरा पाणमोट फुटते. हे बाळ वाचणार नाही, हे डॉक्टरांना कळलेलं आहे.

मंगळवारी ती विचारते, जर बाळ वाचणारच नसेल तर हे थांबवता येईल का? ती ज्या देशातून आली होती, तिथे १९७१ सालीच तसा कायदा झालेला होता. उत्तर येतं: नाही. बाळाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत. कायदा परवानगी देत नाही.

तिथल्या एका सुईणीने तिच्याशी बोलताना या देशाच्या कॅथलिक असण्याचा उल्लेख केला. पुढे मृत्यूच्या चौकशीत तिने हे मान्य केलं, माफीही मागितली. दुखवायचा हेतू नव्हता, ‘असं का’ ते समजावून सांगत होते, असं ती म्हणाली. मला तिच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. तिने खोटं सांगितलं नव्हतं. त्या खोलीत जे खरंच हजर होतं, त्याचं तिने फक्त नाव घेतलं.

बुधवारी पहाटे सविताला हुडहुडी भरते. ताप चढतो. जंतुसंसर्ग रक्तात पसरलेला असतो. त्या दुपारी बाळ जातं. तिला अतिदक्षता विभागात हलवतात. २८ ऑक्टोबरला, मध्यरात्र उलटून गेल्यावर सविता जाते.

सगळा दोष कायद्याचा नव्हता, हेही सांगायला हवं. रक्ताच्या तपासणीत आलेली धोक्याची खूण वेळेवर पाहिली गेली नाही. नाडी, ताप, रक्तदाब जितक्या वेळा पाहायला हवे होते तितक्या वेळा पाहिले गेले नाहीत. आरोग्यसेवांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने अशा तेरा हुकलेल्या संधी मोजल्या. पण आरोग्य विभागाच्या चौकशी अहवालाने दुसरंही नोंदवलं: बाळाच्या हृदयाचे ठोके थांबेपर्यंत काही करायचं नाही यावर नको इतका भर होता, आणि आईला होणाऱ्या संसर्गाच्या धोक्यावर फार कमी.

मृत्यूच्या चौकशीत एका ज्येष्ठ प्रसूतितज्ज्ञाने साक्ष दिली, ती मन सुन्न करणारी आहे. सोमवारी किंवा मंगळवारी गर्भपात केला असता तर बहुधा सविता वाचली असती. पण सोमवारी आणि मंगळवारी तिच्या जिवाला कायद्याला हवा तसा धोकाच नव्हता. तो धोका निर्माण झाला बुधवारी, आणि तेव्हा उशीर झाला होता.

म्हणजे वाचण्यासाठी आधी पुरेसं मरणाजवळ जायला हवं होतं. ज्यांनी १९८३ मध्ये त्या कलमाला मत दिलं, त्यांतल्या कुणाच्याही मनात हे नव्हतं, याची मला खात्री आहे. जिवाचं मोल राखावं म्हणूनच त्यांनी मत दिलं होतं. घटनेत कोरलेलं वाक्य मात्र समोरच्या बाईचा ताप बघू शकत नाही. तो डॉक्टरला बघावा लागतो, आणि त्याची नजर आधी वकिलाकडे वळत असेल तर बघायचं राहून जातं.

(पडद्यावर: डब्लिनच्या भिंतीवर सविताचं मोठं चित्र. त्यावर चिकटवलेल्या शेकडो चिठ्ठ्या.)

लोक रस्त्यावर उतरले. २०१३ मध्ये आईचा जीव वाचवण्यापुरता कायदा झाला. मग सरकारने एक वेगळी वाट निवडली. चिठ्ठ्या काढाव्यात तसे ९९ सामान्य नागरिक निवडले आणि एका न्यायाधीश बाईंच्या अध्यक्षतेखाली त्यांना महिनोन्‌महिने शनिवार-रविवारी एकत्र बसवलं. त्यांनी डॉक्टर ऐकले, वकील ऐकले, दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते ऐकले, आणि या सगळ्यातून गेलेल्या बायका ऐकल्या. चर्चच्या व्यासपीठावरून किंवा पक्षाच्या सभेत हे असं कधी ऐकलं गेलं नव्हतं. २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के लोकांनी ते कलम काढून टाकायच्या बाजूने मत दिलं. पस्तीस वर्षांपूर्वी जवळपास तेवढ्याच लोकांनी ते घातलं होतं. मतदानानंतर सविताच्या चित्रावर कुणी लिहिलं, ‘माफ कर’. कुणी लिहिलं, ‘मी तुझ्यासाठी मत दिलं’. बेळगावहून तिच्या वडिलांनी आयर्लंडच्या लोकांचे आभार मानले.

यातले कितीतरी मतदार रविवारी चर्चमध्ये जाणारे होते. त्यांनी श्रद्धा सोडली नव्हती. आपल्या श्रद्धेने दुसऱ्या बाईच्या खाटेपाशी पहारा द्यावा, एवढं मात्र त्यांना नको झालं होतं.

(पडद्यावर: लहान मुलाला घेऊन दवाखान्यात बसलेली आई.)

२०१५ मध्ये आयर्लंडने सहा वर्षांखालच्या सगळ्या मुलांना फॅमिली डॉक्टरची सेवा मोफत केली. आईबापांचं उत्पन्न न विचारता. नोएल ब्राउन १९९७ मध्ये वारला होता. २०२२ मध्ये सतरा ते पंचवीस वर्षांच्या बायकांना गर्भनिरोधकं सरकारी खर्चाने मिळू लागली. ज्या देशात १९३५ पासून ती विकणं गुन्हा होता, तिथे.

गर्भपाताचा नवा कायदा १ जानेवारी २०१९ पासून लागू झाला. पहिल्या बारा आठवड्यांत कारण विचारलं जात नाही, मध्ये तीन दिवस थांबावं लागतं. ही थांबायची अट बायकांवर अविश्वास दाखवणारी आहे, असं माझं मत आहे. पण त्याच कायद्यातलं एक कलम मला महत्त्वाचं वाटतं. ज्या डॉक्टरला, नर्सला किंवा सुईणीला हे काम मनाला पटत नाही, तिच्यावर ते लादता येत नाही. तिने नकार द्यावा. मात्र त्या बाईला वाऱ्यावर सोडायचं नाही, दुसऱ्या डॉक्टरकडे तिची सोय लावून द्यायची. आणि तिच्या जिवाला तातडीचा धोका असेल, तर नकाराची ही मुभा तिथे लागू नाही.

२०१२ च्या त्या ऑक्टोबरमध्ये आयर्लंडच्या कुठल्याही कायद्यात हे वाक्य लिहिलेलं नव्हतं.