मिरगाच्या आत फोनमधलं फोनबाहेर

श्रोते हो, नमस्कार.

मे महिना संपत आला की आपल्याकडं घराघरांत एक गडबड सुरू होते. चटणी डंकावरनं कुटून येते, शेणी आणि जळण आडोशाला जातं, कौलं बघून घेतली जातात. प्रयाग चिखली, आंबेवाडी, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, या कोल्हापूरच्या नदीकाठच्या भागांत २०१९ च्या महापुरापासून त्यात एका कामाची भर पडलीय. रेशनकार्ड, सातबारा, पोरांचे दाखले, बँकेची पुस्तकं असं सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत बांधून वरच्या फळीवर ठेवायचं. मिरग लागायच्या आत हे उरकावं लागतं. त्या पिशवीत यंदा आणखी एक वस्तू घाला, एवढंच सांगायला मी आज तुमच्यापुढं आलोय. ती वस्तू म्हणजे तळहाताएवढी हार्डडिस्क, नाहीतर साधा पेनड्राइव्ह. त्यात तुमच्या फोनमधले फोटो, व्हिडिओ आणि आवाज भरलेले हवेत.

मी तीसेक वर्षं लग्नाबारशाचे फोटो काढतोय. रोलवर काढले, मेमरी कार्डावर काढले. पण आता घरातले खरे फोटो माझ्यासारखा फोटोग्राफर काढत नाही, ते तुमच्या फोनमध्ये असतात. बाळ पहिलं पाऊल टाकतं तेव्हा कुणी फोटोग्राफर बोलावत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला पाणी आलं ते तुम्ही विसरला नसाल. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका मानतात. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली होता. पाणी उतरल्यावर आठवड्याभरात आंबेवाडीकडचा एक मुलगा माझ्याकडं आला. हातात तांदळाचा डबा, आणि तांदळात खुपसून ठेवलेला फोन.

"काका, एवढं बघा की. फोन गेला तर जाऊ दे. आईचा आवाज हाय त्यात."

आई आदल्या वर्षी गेली होती. जात्यावरच्या ओव्या म्हणायची. जातं कधीच बंद पडलेलं, पण ओव्या तोंडपाठ होत्या. पोरानं सुट्टीत बसून तिच्याकडनं त्या म्हणवून घेतल्या होत्या, पंचवीस-तीस असतील. पाणी शिरलेल्या घरातनं बाहेर पडताना त्यानं म्हातारी आजी काढली, जनावरं सोडली, आणि फोन खिशातच राहिला. कमरेएवढ्या पाण्यात दोन तास.

मी त्याला मोबाइल दुरुस्त करणाऱ्या माझ्या ओळखीच्या कारागिराकडं घेऊन गेलो. त्यानं फोन उघडला, ब्रशनं साफ केला, वाळवला, भिंगाखाली बघितला. आतला सर्किटचा बोर्ड गेला होता. मग मी तो प्रश्न विचारला जो अशा वेळी सगळेच विचारतात, की आतली मेमरीची चिप काढून दुसऱ्या फोनला लावता येणार नाही का? नाही येत. पूर्वी कार्ड काढावं, पुसून वाळवावं, रीडरमध्ये घालावं, आणि निम्मं-अर्धं तरी हाताला लागायचं. आताचे फोन आतली प्रत्येक फाइल कुलूप घालून ठेवतात, आणि त्या कुलपाची किल्ली त्याच फोनच्या बोर्डावर असते. चोराला तुमचे फोटो दिसू नयेत म्हणून केलेली ही सोय चांगलीच आहे. पण बोर्ड गेला की किल्लीही गेली, आणि मग मालकालाही दार उघडत नाही.

म्हणून हे काम फोन धडधाकट असतानाच करायचं.

आता कसं करायचं ते सांगतो. माझ्या अनुभवात शंभरातली निम्मी माणसं पहिल्याच पायरीवर थांबतात, आणि त्याचं कारण असतं वायर. फोन लॅपटॉपला जोडला, चार्जिंगचं चिन्ह आलं, पण लॅपटॉपवर फोन काही दिसत नाही. मग माणसाला वाटतं आपल्याला जमत नाही. तसं नसतं. बाजारात स्वस्तातल्या कित्येक वायरींत नुसत्या विजेच्या तारा असतात, माहिती वाहून नेणाऱ्या तारा घातलेल्याच नसतात. बाहेरनं दोन्ही सारख्याच दिसतात. दुकानात वायर घेताना "डाटा केबल द्या" असं म्हणूनच घ्या, आणि फोनबरोबर खोक्यातनं आलेली मूळ वायर असली तर तीच आधी लावून बघा.

वायर बरोबर असूनही फोन दिसत नसेल तर फोनचं कुलूप उघडा, म्हणजे पासवर्ड किंवा बोट देऊन तो चालू करा. मग पडद्याच्या वरच्या कडेवरनं बोट खाली ओढा. तिथं यूएसबी आणि चार्जिंग असं काहीतरी लिहिलेली एक ओळ असते. तिला हात लावला की पर्याय उघडतात, त्यातला "फाइल ट्रान्सफर" निवडा. फोन आपणहून नुसतं चार्जिंगच धरून चालतो, तुम्ही सांगितल्याशिवाय आतलं काही दाखवत नाही. हे बरंच आहे. एसटी स्टँडवर कुणाच्याही चार्जरला फोन लावला तरी तुमच्या फायली बंद राहतात.

आता लॅपटॉपवर फोनच्या नावाचं चित्र येईल. ते उघडा. फोटो "डीसीआयएम" नावाच्या फोल्डरमध्ये असतात. नाव विचित्र वाटतं, पण ते डिजिटल कॅमेरा इमेजेस याचं आखूड रूप आहे, आणि कॅमेऱ्यांच्या काळापासून तेच चालत आलंय. त्याच्या आत "कॅमेरा". व्हॉट्सअॅपवर आलेले फोटो तिथं नसतात. ते "अँड्रॉइड" फोल्डर, त्यात "मीडिया", त्यात व्हॉट्सअॅपच्या नावाचं फोल्डर, असे आत आत असतात. आवाजाच्या फायली कुणाच्या "रेकॉर्डिंग्ज"मध्ये, कुणाच्या "म्युझिक"मध्ये. त्या शोधाच. फोटो काढून घ्यायचं सगळ्यांना सुचतं, आवाज मात्र मागं राहतो.

बरेच जण विचारतात, पेनड्राइव्हमधनं भराभर होणारं काम फोनमधनं इतकं रेंगाळत का होतं? मार्केट यार्डातलं गुळाचं गोदाम डोळ्यापुढं आणा. पेनड्राइव्ह लावणं म्हणजे गोदामाची किल्लीच लॅपटॉपच्या हातात देणं, हवं ते हवं तसं उचला. जुने अँड्रॉइड फोनही असेच किल्ली देऊन टाकायचे, पण तेवढा वेळ फोनला स्वतःला ती जागा वापरता यायची नाही. आता फोन किल्ली सोडत नाही. तो कोठीवाल्यासारखा दारात बसतो, लॅपटॉप मागेल तो गुळाचा एकेक रवा, म्हणजे ढेप, आतनं आणून, मोजून देतो. या पद्धतीला एमटीपी म्हणतात. दोन-चार मोठे व्हिडिओ असले तर फरक जाणवत नाही, पण दहा हजार बारीक फोटो एकदम मागितले की कोठीवाला दमतो आणि मधेच काम अडकतं. माझं ऐकाल तर तीन-चारशे फोटो एका वेळी घ्या. एक महिना निवडा, उतरवा, पुढचा महिना घ्या. रात्री जेवणं झाल्यावर दोन-तीन दिवसांत चार वर्षांचे फोटो निघतात.

आणि हे फार मनापासून सांगतो, "कट" करू नका. "कॉपी" करा.

२०१३ ची गोष्ट. कागलकडचं लग्न होतं. कार्डावर जागा करायची घाई होती म्हणून मी फोटो "कट" करून हार्डडिस्कवर टाकायला लावले. निम्म्यावर आले आणि लाइट गेली. लाइट आल्यावर बघतो तर कार्डावरनं फोटो पुसलेले, आणि डिस्कवर काही फोटोंचा नुसता वरचा पट्टा, खाली सगळं करडं. कट म्हटलं की संगणक एक फाइल तिकडं लिहिली असं धरून इकडची पुसत जातो. पण तिकडचं लिहिणं काही वेळ त्याच्या तात्पुरत्या मेमरीतच असतं. वीज गेली की ते गेलं, आणि इकडचंही गेलेलं. अक्षता पडतानाचे फोटो होते ते. मी त्या घरी जाऊन नवरीच्या वडिलांना समोर बसून सांगितलं. ते रागावले नाहीत, गप्प बसले. त्याचा मला आजही त्रास होतो.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी कॉपी. मग डिस्कवरचा पहिला, मधला आणि शेवटचा असे फोटो उघडून बघायचे, व्हिडिओ असला तर शेवटपर्यंत पळवायचा. दोन्हीकडची फायलींची संख्या जुळवायची. मग डिस्क हिसका देऊन काढायची नाही. "इजेक्ट" म्हणायचं, संगणकानं सुरक्षित आहे म्हटलं की काढायची. त्यानंतर फोनवरचं पुसायचं असेल तर पुसायचं.

ज्यांच्या घरी लॅपटॉप नाही त्यांनी अडून बसायचं कारण नाही. एका टोकाला टाइप-सी आणि दुसऱ्या टोकाला नेहमीचं यूएसबी असलेले पेनड्राइव्ह मिळतात. साधा पेनड्राइव्ह असेल तर ओटीजीचा लहानसा जोड मिळतो. तो थेट फोनला लावा, फोनच्या "फाइल्स"मध्ये जा, फोटो निवडा, कॉपी करा. फक्त एक अडचण येते. "एवढी मोठी फाइल बसत नाही" असं फोन सांगतो, आणि पेनड्राइव्हवर तर ढीगभर जागा मोकळी असते. पेनड्राइव्ह "फॅट ३२" पद्धतीनं आखलेला असला तर त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, आणि लग्नाचा अखंड व्हिडिओ सहज तेवढा होतो. तोच पेनड्राइव्ह "एक्सफॅट" पद्धतीनं फॉरमॅट करून घ्यावा, बहुतेक नवे फोन आणि लॅपटॉप दोन्ही तो वाचतात. फॉरमॅट केल्यावर आधीचं सगळं जातं, तेव्हा रिकामा असतानाच करा.

याच ओटीजीचा आणखी एक उपयोग सांगतो. फोन पडला, काच फुटली, चित्र दिसतंय पण बोट चालत नाही, अशा वेळी त्या जोडाला संगणकाचा माउस लावा. बहुतेक अँड्रॉइड फोनवर बाण येतो, त्यानं कुलूप उघडता येतं आणि फायली बाहेर काढता येतात. गेल्या पावसाळ्यात आमच्या पेठेतल्या एका वहिनींचे सगळे फोटो असेच सुटले.

आयफोनवाल्यांसाठी थोडक्यात. संगणकाला जोडल्यावर फोनवर "ट्रस्ट" विचारतो, त्याला होकार द्या. फोटो उतरले पण संगणकावर उघडत नाहीत असं झालं तर ते हाइक नावाच्या पद्धतीनं साठवलेले असतात. फोटोंच्या सेटिंगमध्ये संगणकावर पाठवताना "ऑटोमॅटिक" ठेवलं की फोन ते नेहमीच्या जेपेगमध्ये करून देतो.

आता व्हॉट्सअॅप. "मी सगळे फोटो बायकोच्या नंबरवर पाठवून ठेवलेत" असं मला रोज कुणीतरी सांगतं. व्हॉट्सअॅप फोटो दाबून लहान करून पाठवतं. फोटो कोणत्या दिवशी काढला ही आतली नोंदही त्यात पुसली जाते. फोनवर बघायला तो छान दिसतो, पण भिंतीवर लावायला मोठा करून मागितला की मला हात जोडावे लागतात. पाठवायचाच असेल तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, मग तो जसाच्या तसा जातो, २ जीबीपर्यंतची फाइल चालते. शेजारी बसलेल्याच्या अँड्रॉइड फोनवर द्यायचा असेल तर "क्विक शेअर" वापरा, इंटरनेट लागत नाही. शेअरइट आणि झेंडर ही दोन्ही २०२० च्या जूनमध्ये सरकारनं बंदी घातलेल्या ५९ अॅपमध्ये होती. ती कुठनं तरी मिळवून घालू नका.

गूगलवर फोटो आपोआप चढतात हे खरं, पण फुकट जागा १५ जीबी, आणि ती ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून. २०२१ च्या १ जूनपासून चढलेला प्रत्येक फोटो त्यात धरला जातो. आणि त्या अॅपमधनं फोटो डिलीट केला की तो फोनवरनं आणि गूगलवरनं, दोन्हीकडनं जातो. फोनवरचीच जागा हवी असेल तर तिथं "फ्री अप स्पेस" नावाचा वेगळा पर्याय आहे.

जगभरचे फोटोग्राफर एक नेम पाळतात. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. कोल्हापुरात त्या "दुसऱ्या जागी"चा अर्थ फार नेमका आहे. याच गावात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनं मूकपट काढले, त्यातले बहुतेक आज कुणालाच बघायला मिळत नाहीत. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या जळितात सापडला. आग असो की पाणी, एका छपराखाली असलेलं एकदमच जातं. शाहूपुरीतल्या घरात एक प्रत आणि शाहूपुरीतल्याच दुकानात दुसरी, तर नदीला दोन्ही एकच. एक डिस्क गडहिंग्लजला लेकीकडं ठेवा, पुण्यातल्या भावाकडं ठेवा. वर्षातनं एकदा, दिवाळीला नाहीतर जोतिबाच्या यात्रेला ये-जा होतेच, तेव्हा ती आणा, चालू करून बघा, नवे फोटो भरा आणि परत पाठवा. नुसती कपाटात ठेवलेली डिस्कही कधीतरी दगा देते, आणि पेनड्राइव्हवर तर वर्षानुवर्षं भरवसा ठेवू नका.

त्या आंबेवाडीच्या मुलाचं सांगायचं राहिलं. आईची एक ओवी त्यानं गारगोटीच्या मावसबहिणीला पाठवली होती. तिच्या फोनवर ती निघाली. चाळीस सेकंदांची आहे, शेवटी मागनं रेडकू ओरडतं. बहिणीनं तो फोन घेऊन माझ्याकडं आणला, आम्ही वायर लावली. आता ती ओवी गारगोटीला आहे, त्याच्या घरच्या पिशवीत आहे, आणि त्यानं विनंती केली म्हणून माझ्याकडंही एक प्रत आहे.

नमस्कार.